उतरण्याचं गाऱ्हाणं

“बा देवा म्हाराजा, आज ही जी काय तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली हत…”

“व्हय म्हाराजा!”

“तेंच्या हातसून काय चुकला माकला असात, तर ता पोटात घाल…”

“व्हय म्हाराजा!”

धोंडूच्या हातात नारळ होता आणि समोर सगळी साइट उभी होती. नाहूरच्या शिवारात, आग्रा रोडपासून आत, एका कारखान्याच्या साहेबलोकांसाठी चार मजली इमारत उठत होती. आज तिचा सगळ्यात वरचा स्लॅब भरायचा होता. इमारतीच्या अंगाला खालपासून वरपर्यंत बांबूंची परांची बांधलेली. थोड्या वेळाने तिच्या थराथरांवर बाया नि गडी ओळीने उभे राहणार आणि काँक्रीटची घमेली हातोहात वर चढवणार, हे ठरलेलं. त्याआधी गाऱ्हाणं. गाऱ्हाणं झाल्याशिवाय परांचीवर कुणी पाय ठेवायचा नाही, हा रिवाज कोकणातल्या गड्यांनी इथे आणला आणि तो सगळ्यांनाच लागला. पालमूरकडच्या तेलुगू बायांना मराठी म्हणून एवढे दोनच शब्द येत, पण “व्हय म्हाराजा” सगळ्यात मोठ्यांदा त्याच म्हणत.

गाऱ्हाणं घालायचा मान धोंडूचा. तो काही गुरव नव्हता की मानकरी नव्हता. तो परांची बांधणारा होता. गाऱ्हाण्यात पुढचं एक वाक्य असं होतं, की ते दुसऱ्या कुणाला म्हणताच येत नसे: ‘ह्या परांचीची एकन एक गाठ मी माझ्या हातान चाचपलंय, म्हाराजा.’ देव ऐकतो की नाही ते देव जाणे, माणसं मात्र हे वाक्य कान देऊन ऐकत. त्यावर “व्हय म्हाराजा” झालं की बाया पदर खोचायच्या आणि बिनघोर वर चढायच्या. आजवर हे वाक्य धोंडूने किती साइटींवर म्हटलं असेल त्याची गणती नाही, आणि ते दर वेळी खरं होतं.

आज ते खोटं होतं. म्हणून तो त्या वाक्याच्या अलीकडेच अडला.

माणसं वाट बघत राहिली. दुसऱ्या रांगेत त्याची बायको जानकी उभी होती, डोक्यावर चुंबळ ठेवून तयार. अंगाने दणकट म्हणून तिला नेहमी वरचा थर मिळे. आजही तिची जागा ठरली होती, चौथ्या थरावर, मागच्या बाजूला, भाताच्या खाचरांकडचा कोपरा. धोंडूने त्या कोपऱ्याकडे खालूनच एकदा नजर टाकली.

दुसऱ्या थराच्या वर तो या पावसाळ्यात एकदाही चढला नव्हता.

परांचीवाल्याला उंचीची भीती वाटते, हे कुणाला सांगितलं तर लोक हसून लोळतील. धोंडूही पूर्वी हसला असता. राजापूरकडच्या गावात तो माडावर चढत मोठा झालेला, मुंबईत आल्यावर बांबूवर चढला, एवढाच काय तो फरक. पण मागच्या साली घाटकोपरच्या साइटीवर काशीराम पडला. काशीराम त्याच्या वाडीचा, त्याच्याच बरोबर एका बोटीने मुंबईला आलेला. दोघं एका आडव्या बांबूवर बसून विडी ओढत होते. काशीराम उठला, त्याने पाय पुढे टाकला, बांबू गर्रकन फिरला. ओरडलादेखील नाही तो. धोंडूचा हात पुढे गेला तेव्हा तिथे नुसता विडीचा धूर होता. काशीरामच्या बायकोला गावी निरोप कुणी सांगायचा, यावर नंतर गड्यांत बराच वेळ बोलणं झालं. धोंडू त्या बोलण्यात नव्हताच. तो भिंतीला पाठ लावून बसला होता, आणि तळपाय जमिनीला घट्ट टेकवून होता.

तेव्हापासून दुसऱ्या थरावर गेला की त्याच्या पोटऱ्या थरथरायच्या, खालची माणसं आपल्याला हाका मारून बोलावताहेत असं वाटायचं. त्याने हे कुणाला कळू दिलं नाही. भीती लपवायला माणूस किती हुशार होतो! धोंडू खाली उभा राहून मोठमोठ्याने हुकूम सोडायला लागला. “धाकू, तो बांबू आवळ! ती गाठ परत मार!” धाकू त्याच्या हाताखाली तयार झालेला जवान गडी, तो वर माकडासारखा फिरायचा. लोक म्हणाले, धोंडू आता उस्ताद झाला, उस्तादाने कशाला चढायचं? धोंडूने ते ऐकलं आणि तसंच चालू दिलं. जानकीलासुद्धा त्याने काही सांगितलं नाही. ती त्याच्या पायांना रात्री तेल लावून द्यायची आणि काही विचारायची नाही, यावरून तिला काय कळलं असेल ते असेल.

एकदाच त्याने या भीतीभोवती शब्द फिरवून पाहिले होते, ते करंदीकर साहेबांपाशी. करंदीकर साइटीचे इंजिनियर, पार्ल्याचे, विलायतेत राहून आलेले, पण चहा मात्र गड्यांबरोबर उभ्याने पिणारे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी चहा पिताना ते परांचीकडे बघत सहज म्हणाले, “तिकडे हे सगळं लोखंडी नळ्यांचं असतं, धोंडू. खाली जाळी. कामगाराच्या कमरेला पट्टा, डोक्यावर टणक टोपी.”

“मगे थंय माणूस पडणा नाय?”

“पडतो. पण कमी. पूर्वी त्यांच्याकडेही फार पडायचे. त्यांचे मोठेमोठे पूल माणसं पडून पडूनच झालेत. पुढे देश श्रीमंत झाला, तसा माणूस महाग झाला. मग जाळ्या आल्या.”

“नि आमका कदी येतली जाळी, सायबानू?”

करंदीकर थोडे गडबडले. “येईल रे. देश आत्ता कुठे उभा राहतोय. आधी धरणं, कारखाने, मग हळूहळू… वीसेक वर्षं लागतील.”

“तवसर?”

“तोवर जपून,” साहेब म्हणाले, आणि कपातला चहा तसाच टाकून निघून गेले. माणूस वाईट नव्हता. धोंडूच्या मनात मात्र ते घर करून बसलं. म्हणजे माणूस महाग होईपर्यंत तो स्वस्तच. आणि स्वस्त माणसाला सांभाळायला काय, तर काथ्याची दोरी आणि एक गाऱ्हाणं.

“अरे ए, काय झोपला काय?” श्यामसुंदर मुकादम ओरडला. “लवकर आटप ना! पाणी टाकलंय मालात. सिमेंट काय तुझी वाट बघत बसणार?”

ते खरंच होतं. मागे लोखंडी पत्र्यावर खडी, वाळू, सिमेंटचा ढीग कालवून तयार होता. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, आणि तेही ऑफिसात खेटे घालून. एकदा पाणी पडलं की ते कुणासाठी थांबत नाही.

धोंडूने नारळ खाली ठेवला. “मी वर जावन येतंय,” तो म्हणाला.

“आता? गाऱ्हाणं अर्धवट टाकून?”

“हां. आता.”

मुकादमाने हात वर करून करंदीकरांकडे बघितलं. करंदीकरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण अडवलं नाही. परांचीवाला शेवटची नजर टाकतो आहे, यात वावगं काय? धोंडूच्या काळजाचं पाणी झालंय, हे त्यांना कुठून दिसणार?

पहिल्या थरावर तो सवयीने गेला. दुसऱ्यावर पोचला आणि पोटऱ्यांनी आपलं काम सुरू केलं. तिसऱ्याला हात घालताना त्याने डोळे बांबूवरच ठेवले, बांबूची पेरं, पेरावरचे काळे ठिपके, दोरीचे वेढे. एकेक गाठ आली की तो ती अंगठ्याने दाबायचा. गाठी चांगल्या होत्या. धाकूने मन लावून मारल्या होत्या. तिसरा थर संपला तेव्हा त्याला क्षणभर वाटलं, उगाच भ्यालो आपण. आता चौथा बघून टाकू, खाली जाऊ, खरं बोलू आणि नारळ फोडू.

चौथ्यावर वारा होता. खाली तो जाणवलाही नव्हता. फळीवर उभं राहायची छाती झाली नाही, म्हणून तो बसून बसून, ढुंगण घासत, मागच्या कोपऱ्याकडे सरकला. लाज वाटायला तिथे होतं कोण? खाली भात पिवळं झालेलं, पलीकडे वासरं चरत होती, आणि ते सगळं इतकं खाली होतं की त्याने पुन्हा डोळे मिटले. डोळे मिटूनच त्याने कोपऱ्यातल्या उभ्या बांबूची गाठ चाचपली.

दोरी अंगठ्याखाली भुगा होऊन सांडली.

त्याने डोळे उघडले. नवी दोरी पिवळी असते, ही काळी होती. मागच्या साइटीची. सगळा पावसाळा प्यालेली आणि नंतरच्या उन्हात भाजून निघालेली. त्याने दुसरी गाठ दाबली, तीही तशीच. इमारतीच्या भिंतीला परांची जिथे आवळून धरायची, तिथलीही तीच दोरी. वरून बघितलं तर गाठ कशी छान दिसत होती, पण आत काही उरलं नव्हतं. या कोपऱ्यावर थोड्या वेळाने जानकी उभी राहणार होती, आणि तिच्या हातात ओल्या मालाचं घमेलं असणार होतं.

आपण खालून ओरडत राहिलो, “आवळ, आवळ,” आणि वर येऊन एकदा हात लावला नाही. काशीरामला मी मारलं नव्हतं, पण हिला मीच मारणार होतो, असं त्याला अगदी स्पष्ट वाटलं.

“चडा नकात रे!” तो ओरडला. आवाज चिरकला. “कोण चडा नकात! दोरी कुजली हा! ह्यो कोपरो जातलो!”

खाली गलका झाला. धाकूचा रडवेला आवाज वर आला. “धोंडूदा, नवी दोरी सरली होती! म्हणान मागची लावलंय! तुमी वर येवन बघशात असा वाटला माका!”

“मागची बाजू सोडू, साहेब,” मुकादम म्हणत होता. “पुढून चढवू माल. जास्त लोक लावू पुढे, नाहीतर माल गेला बघा. वाट लागली परमिटची!”

धोंडू वरून करंदीकरांचं टक्कल आणि हातातली हॅट बघत होता. हा माणूस आता काय बोलतो यावर किती जणांचा जीव आहे, ते त्याला तिथून स्वच्छ दिसत होतं. करंदीकरांनी एकदा पत्र्यावरच्या ढिगाकडे बघितलं, एकदा परांचीकडे.

“काम बंद,” शेवटी ते म्हणाले. “सगळी परांची सोडून नवी बांधा. माल जाऊ दे.”

“साहेब!”

“जाऊ दे म्हटलं ना.”

धोंडू खाली उतरण्यासाठी पाय हलवायला गेला. पाय हलला नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला. दोन्ही हात उभ्या बांबूला असे चिकटले होते, की ते आपले नाहीतच. ज्या बांबूला तो धरून होता, त्याचीच गाठ कुजलेली होती, हे त्याला माहीत होतं आणि तरी सोडवत नव्हतं. परांची वाऱ्याने किंचित करकरली. धोंडूची दातखिळी बसली.

“अरे, उतर ना आता!” मुकादम ओरडला. मग कुणीतरी हसलं. मग ते हसू थांबलं, कारण धोंडू काहीच बोलत नव्हता. खालच्या सगळ्या माणसांना एकदमच कळून चुकलं, की उस्ताद भ्यालाय. धाकू वर चढायला धावला, पण करंदीकरांनी त्याचा दंड धरला. त्या कोपऱ्यावर दुसऱ्या माणसाचा भार टाकायचा नव्हता.

आणि मग जानकी पुढे आली. तिने खाली ठेवलेला नारळ उचलला, दोन्ही हातांत धरला आणि वर तोंड करून मोठ्यांदा म्हणाली, “बा देवा म्हाराजा!”

कुणी ‘व्हय’ म्हणालं नाही. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं नसतं. कोकणातले गडी एकमेकांकडे बघायला लागले.

“मी बायलमाणूस. माका गाऱ्हाणा घालूचो अधिकार नाय. ता पोटात घाल, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” पालमूरच्या बाया म्हणाल्या. त्यांना शब्द कळले नव्हते, वेळ कळली होती.

“तुझा एक लेकरू वर अडाकला हा. तेचा नाव…”

ती थांबली. लग्न झाल्यापासून हे नाव तिने तोंडातून काढलं नव्हतं. मुलांना बोलवायचं तर ‘तुझे बापूस’, शेजारणीशी बोलायचं तर ‘आमचे हे’. वर धोंडूने ते थांबणं ऐकलं. इतक्या भीतीतही त्याला वाटलं, नको गो, चारचौघांत नको.

“तेचा नाव धोंडू!” जानकी म्हणाली. “तो भियालो हा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आता सगळे म्हणाले. धाकू म्हणाला, मुकादमसुद्धा म्हणाला.

“तेचो उजवो पाय खालच्या बांबूर ठेव, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

धोंडूचा उजवा पाय हलला. तो कुणी हलवला ते त्याला सांगता आलं नसतं. आयुष्यभर “व्हय म्हाराजा”नंतर पाय उचलायची सवय त्या पायाला होती, फक्त वर जायची.

“तेचो हात सोडव, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“डावो पाय!”

“व्हय म्हाराजा!”

कोपऱ्यापासून तो सरकत सरकत निघाला. तिसऱ्या थरावर आला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुसऱ्या थरावर त्याला बायकोचा चेहरा दिसला. गाऱ्हाणं चालूच होतं, आणि तिचा आवाज आता पार बसला होता. पाय जमिनीला लागले तेव्हा तो खालीच बसला. जानकीने नारळ त्याच्या मांडीवर ठेवला आणि डोक्यावरचा पदर नीट केला. “पानी पिवा,” ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत पत्र्यावरचा ढीग दगड झाला. करंदीकरांना त्या सिमेंटबद्दल वरून बरीच बोलणी बसली म्हणतात. ती त्यांनी ऐकून घेतली आणि नवी दोरी मात्र मागवून घेतली. मुकादमाने धोंडूला परांचीवरून काढलं. दोऱ्या भिजवायच्या, बांबू निवडायचे, असलं खालचं काम त्याला दिलं. जवान पोरं आडून हसायची. धोंडू मान खाली घालून दोऱ्या भिजवायचा, आणि प्रत्येक दोरी वर जाण्याआधी दोन्ही हातांनी ओढून बघायचा. हात अजून तेच होते.

परांची नवी उभी राहिली आणि स्लॅबचा दिवस पुन्हा आला. माणसं जमली, नारळ आला. तो कुणी हातात घ्यायचा, हे ठरेना. मुकादमाने धाकूकडे बघितलं. धाकूने नारळ घेतला, चालत दोऱ्यांच्या पिंपापाशी गेला आणि तो धोंडूच्या ओल्या हातात दिला.

“गाऱ्हाणा तुमीच घाला, धोंडूदा.”

धोंडू उभा राहिला. सुरुवातीचं सगळं त्याने नेहमीसारखं म्हटलं, सगळ्यांनी नेहमीसारखं “व्हय” म्हटलं. मग ते वाक्य आलं. त्याने एकदा परांचीकडे बघितलं, एकदा जानकीकडे. ती पदर खोचून तयार होती.

“ह्या परांचीची एकय गाठ मी चाचपूक नाय, म्हाराजा,” तो म्हणाला. “माझ्यान वर चडवत नाय. माका भिया वाटता. धाकून चाचपल्यान, तो खरा बोलता. पण तूच बघ, नि जेचो पाय वर पडतलो तेनाय बघूक व्हया. वर जातलीत ती सगळी खाली येवंदेत, म्हाराजा.”

असलं गाऱ्हाणं कुणी ऐकलं नव्हतं. मग “व्हय म्हाराजा” आलं, पण ते नेहमीसारखं दणदणीत नव्हतं. जो तो आपल्यापुरतं, हळू म्हणाला. करंदीकरांचेही ओठ हलले.

नारळ फोडायला दगड शोधावा लागला नाही. पत्र्यावरचा तो सिमेंटचा ढीग सब्बलीलाही दाद देत नव्हता, म्हणून तिथेच राहिला होता. धोंडूने त्याच्यावर नारळ आपटला, पाणी उडालं, आणि माणसं परांचीकडे निघाली.

पण या वेळी ती बिनघोर चढली नाहीत. पहिल्या थरावर पहिल्या बाईने गाठीवर अंगठा दाबून बघितला, तिच्या मागच्या बाईनेही बघितला, आणि मग प्रत्येकजण तसं करत करत वर गेला. काम उशिरा सुरू झालं म्हणून मुकादम शिव्या घालत राहिला. जानकी चौथ्या थरावर, भाताकडच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, आणि पहिलं घमेलं घ्यायच्या आधी तिनेही गाठ चाचपली.

धोंडू दिवसभर खाली, त्या ढिगापाशी उभा होता. दुपारी कुणीतरी त्याला भाकरी आणून दिली, ती त्याने वर बघतच खाल्ली. संध्याकाळी स्लॅब भरून झाला, एकेकजण उतरायला लागला, आणि जानकी सगळ्यात शेवटी उतरली. तिचे पाय जमिनीला लागल्यावरच त्याने मान खाली केली. मान इतकी आखडली होती, की घरी जाताना जानकीने वाटेत थांबून ती चोळून दिली.